शुक्रवार नव्हता तेव्हा

सरकारनं शुक्रवार काढून टाकला त्या वर्षी
मी गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवर
लोखंडी कांब हाणून प्रार्थनेची वेळ सांगायचे.
अजूनही सांगते.
आमच्या फालेआलुपोची घंटा वादळानं नेली ती परत आली नाही,
आणि देवाला, मला वाटतं, आवाजाशी काम.

त्याआधी आम्ही जगाचं शेपूट होतो.
सूर्य सगळीकडे मावळून झाला
की शेवटी आमच्या किनाऱ्यावर बुडायचा.
ऑकलंडहून लेक फोन करायचा, तो उद्यातून बोलायचा:
"आई, इथे सोमवार उजाडला, कामावर निघालोय."
मी रविवारच्या पांढऱ्या कपड्यांत,
भाजलेला तारो पानांतून सोडवत विचारायचे,
"मग कसा आहे उद्या?"
"गर्दी आहे," म्हणायचा.

गुरुवारी मध्यरात्री एकोणतीस तारीख गेली
आणि एकदम एकतीस आली.
मी कांब बारा वेळा हाणली, खांदा दुखेपर्यंत.
आत एतुआती चटईवर, मूत्रपिंडं थकलेली.
डॉक्टरीण सकाळीच म्हणाली होती: दोन दिवस, फार तर.
आता हे दोन दिवस मोजायचे कसे?
काढलेला दिवस त्याच्या खात्यातून गेला,
की देवानं हातचा धरून ठेवला?

पहाटे पाळक आलापातीला विचारलं.
तो तारो सोलत बसला होता. साल लांब निघत होती,
ती तुटेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला,
"फुआतिनो, प्रभूनं आपल्याला शुक्रवार मागायला शिकवलं नाही.
भाकर मागायला शिकवलं. तीही आजची."
मला राग आला.
मरणारं माणूस त्याच्या घरात नव्हतं.

शिवाय माझी आजी नीरफणस खड्ड्यात पुरून ठेवायची,
वादळानंतरच्या महिन्यांसाठी.
ते आंबायचं, नाक धरावं लागायचं,
आणि त्यावर आम्ही सात भावंडं जगलो.
वाळवंटात म्हणे आभाळातून पडलेलं अन्न
उद्यासाठी झाकून ठेवलं तर त्यात किडे पडायचे.
आजीच्या खड्ड्यात नाही पडले.
हे मी देवाला अजून विचारलेलं नाही.
विचारणार आहे.

शनिवारी उन्हं आली तेव्हा एतुआतीनं डोळे उघडले.
"काल शुक्रवार कसा गेला?"
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
छान गेला, म्हणाले.
तू उठलास. होडीची सुटलेली फळी बसवलीस,
शेजारच्या पोराला खिळे वाकडे धरतो म्हणून शिव्या दिल्यास,
दुपारी नारळाच्या दुधातला मासा खाल्लास. दोनदा.
"दोनदा?"
दोनदा. मग खडकावर बसून तू मला
ते लग्नाआधीचं सगळं पुन्हा सांगितलंस.
मी बोलत राहिले, शुक्रवार वाढत गेला.
इतका चांगला दिवस
आम्ही चाळीस वर्षांत एकदाही काढला नव्हता.

त्यानं माझं मनगट धरलं.
हातात जोर नव्हता, तरी धरलं.
"बास," म्हणाला. "तो राहू दे देवापाशी.
ती कोंबडी बघ. लंगडतेय का?"
आम्ही दोघांनी बघितलं.
लंगडत होती.
एक पाय उचलायची, विचार करायची, मग टेकवायची.
ऊन चटईच्या कडेला आलं, मग त्याच्या पावलांवर चढलं.
मी उठून पडदा ओढला नाही.
अनंतकाळ म्हणतात तो लांबलचक असतो असं मी धरून चालले होते.
तेव्हा वाटलं, रुंद असावा.
दोन माणसं मावतील एवढा.

तो मंगळवारी गेला.
डॉक्टरीण म्हणाली, अंदाज चुकला.
थडगं दारासमोरच आहे, पोरं त्यावर बसून पत्ते खेळतात.
लेक आता माझ्याच दिवसातून फोन करतो,
विचारतो, "आई, काय चाललंय?"
कांब शोधतेय, म्हणते. पोरांनी कुठेतरी टाकली.
आणि अंधार पडायला आलाय,
लोक घरात जाऊन बसलेत,
वाट बघताहेत.
ठेव आता.